दिवसाला दोन गुंठे

माझा हात धर, पोरी. हॅरिस पार्क स्टेशनातून बाहेर पडलं की विग्रम स्ट्रीटवर फोडणीचा वास येतो, मिठाईच्या दुकानांपुढे रांगा दिसतात आणि चार पावलांवर एखादं मराठी वाक्य कानावर पडतं. सिडनीच्या या भागाला लोक लिटल इंडिया म्हणतात. आज तिथे थांबायचं नाही. सरळ रूस स्ट्रीटवर चल.

हे बैठं घर बघ. पुढे लांब पडवी, समोर हिरवळ. याला एक्स्पेरिमेंट फार्म कॉटेज म्हणतात. 1835 च्या सुमारास जॉन हॅरिस नावाच्या डॉक्टरानं ते बांधलं आणि 1961 मध्ये नॅशनल ट्रस्टनं विकत घेऊन राखलं. पण मी तुला घर दाखवायला आणलं नाही. घराखालची जमीन दाखवायला आणलंय. तुझ्या शाळेच्या दप्तरावर ज्याचं नाव छापलंय आणि तुझ्या आईच्या आजीनं जपलेल्या वंशावळीत जे नाव सगळ्यात वर आहे, त्या जेम्स रूसची ही जमीन. तुझ्या आईच्या कुळाचा या देशातला मूळ पुरुष.

मी भोर तालुक्यातला भातकरी. मला इंग्रजी पुस्तकं वाचायला वेळ लागतो, पण या माणसाबद्दल मिळालं ते सगळं मी गेली दोन वर्षं वाचलं. आपल्याकडे श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं घेतात. तुझ्या बापाकडच्या तीन पिढ्यांची नावं मला पाठ आहेत. तुझ्या आईकडच्या या पुरुषाचं नाव कोण घेणार? म्हणून आज मीच घेतो, आणि नुसतं नाव घेऊन भागत नाही म्हणून तुला त्याच्या बांधावर नेतो.

डोळे मीट. मी सांगेन तेव्हा उघड.

उघड आता.

1789 चा नोव्हेंबर आहे. गाड्यांचा आवाज थांबलाय. तुझ्यापुढे झाडंच झाडं, करड्या सालीची, उंच, अंगातून तेलाचा उग्र वास येणारी. ऊन भाजतंय, कारण इथे नोव्हेंबर म्हणजे उन्हाळ्याची चाहूल. मधे थोडी जागा मोकळी केलेली, तिथे बुंधे अजून जमिनीत रुतलेले. एक नवी झोपडी. आणि तिच्यापुढे तिशीचा एक माणूस, कुदळीच्या दांड्यावर हात टेकून उभा. तो तुला बघू शकत नाही. तू त्याला नीट बघून घे.

कॉर्नवॉल परगण्यातल्या लॉन्सेस्टन गावाजवळ तो शेतकऱ्याचं काम करत वाढला. 1782 मध्ये बॉडमिनच्या कोर्टात त्याच्यावर घरफोडीचा गुन्हा शाबीत झाला. चांदीची दोन घड्याळं चोरली होती. फाशी झाली असती, ती बदलून सात वर्षं हद्दपारी झाली. त्यातली जवळजवळ पाच वर्षं प्लिमथच्या बंदरात नांगरलेल्या डंकर्क नावाच्या जुन्या गलबतावर, कैद्यांच्या गर्दीत गेली. मग 13 मे 1787 ला अकरा जहाजांचा ताफा इंग्लंडहून निघाला. त्यातल्या स्कारबरो जहाजावर तो होता. आठ महिन्यांनी, 1788 च्या जानेवारीत, ही जहाजं या किनाऱ्याला लागली.

हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. आपल्या पूर्वजानं चोरी केली होती. वंशावळीत तेवढी ओळ खोडून टाकणारी माणसं असतात. तू खोडू नकोस. त्या ओळीशिवाय पुढची ओळ कळत नाही.

1789 मध्ये त्यानं गव्हर्नर आर्थर फिलिपला सांगितलं की माझी शिक्षा संपली, मला जमीन द्या. शिक्षेचे कागद इंग्लंडमधून आलेच नव्हते, त्यामुळे पडताळून बघायची सोय नव्हती. तरी फिलिपनं त्याला इथे आणून उभं केलं. कारण साऱ्या वसाहतीला एकच प्रश्न पडला होता: या मातीत एक माणूस स्वतःच्या हातानं स्वतःचं पोट भरू शकतो का, आणि किती दिवसांत? झोपडी, अवजारं, बियाणं, थोडी जनावरं दिली. जमिनीची सनद मात्र हातात ठेवली. आधी करून दाखव, मग देऊ. म्हणून या तुकड्याचं नाव पडलं एक्स्पेरिमेंट फार्म, प्रयोगाचं शेत.

हा प्रश्न किती जिवावरचा होता, ते कळायला माझ्याबरोबर पाच महिने पुढे ये. 1790 चा एप्रिल. सरकारी कोठारापुढची रांग बघ. दर माणशी आठवड्याला अडीच पौंड पीठ, दोन पौंड तांदूळ, दोन पौंड डुकराचं मांस. आपल्या मापानं पीठ सव्वा किलोसुद्धा भरत नाही. मांस तीन-चार वर्षांपूर्वी मिठात घातलेलं. तांदळात एवढे किडे की तो आपणहून हलतो, असं वॉटकिन टेंच नावाच्या अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय. धान्य घेऊन निघालेलं गार्डियन जहाज वाटेत हिमनगावर आपटलं. सिरियस नावाचं दुसरं जहाज मार्चमध्ये नॉरफोक बेटाच्या खडकांवर फुटलं. गव्हर्नरनं स्वतःचं पीठसुद्धा कोठारात जमा केलं. त्याच्या घरी जेवायला बोलावलेली माणसं आपली भाकरी आपण बांधून नेत.

इंग्लंडहून आणलेलं बियाणं बरंचसं प्रवासात उबून गेलेलं. पहिल्या पेरण्या उगवल्याच नाहीत. नांगर एकही नाही. कुऱ्हाडी इथल्या लाकडावर बोथट होत. थोडी गुरं आणली होती, ती 1788 मध्येच रानात निघून गेली. पोरी, मी आयुष्यभर शेती केली. बैल नाही, नांगर नाही, शेण नाही आणि बियाण्याचा भरवसा नाही, अशा जमिनीवर मी उभासुद्धा राहिलो नसतो.

तो राहिला. आता जवळ ये आणि त्याच्या हातांकडे बघ.

आधी पाडलेली झाडं, फांद्या, पाला जमिनीवर पसरून तो पेटवतो. धूर डोळ्यांत जातोय ना? तुझ्या पणजोबांच्या शेतात दरवर्षी हाच वास असायचा. भाताच्या रोपांसाठी आम्ही कवळं तोडून, पालापाचोळा पसरून राब भाजायचो. ती राख मातीत मिसळली की रोप जोमानं येतं. भोरला जे राब म्हणून आम्ही करतो, ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला हा माणूस करतोय, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

राख निवली की तो खणायला लागतो. टेंचनं त्याला 1790 च्या नोव्हेंबरात भेटून सगळं विचारलं आणि उत्तरं जशीच्या तशी उतरून घेतली. त्यामुळे मला त्याची पद्धत माझ्या वडिलांच्या पद्धतीइतकी ठाऊक आहे. दिवसाला आठ रॉड, फार तर नऊ, यापेक्षा जास्त जमीन तो खणत नसे. मी हिशोब करून बघितला. चार चौरस रॉड म्हणजे आपला एक गुंठा. म्हणजे दिवसाला दोन, फार तर सव्वादोन गुंठे.

दोन गुंठे. तुमच्या शाळेतल्या मुलांच्या बागेहून फार मोठी जागा नव्हे. शेजारच्या सरकारी शेतावर कैदी एका दिवसात कितीतरी जास्त जमीन ओरबाडून मोकळे होत, आणि ती नुसती वरवर खरवडलेली राही. याचं म्हणणं, काम नीट झालं पाहिजे. राख खाली गेली पाहिजे. ढेकळं फुटली पाहिजेत. गवत आणि तण उलटून मातीत गाडलं गेलं पाहिजे, म्हणजे ते तिथेच कुजेल. हे नांगरटीच्या जवळपास जातं असं त्याचं मत होतं. मग ती जमीन जमेल तितके दिवस ऊन आणि वारा खायला तशीच सोडायची. पेरणीच्या तोंडावर पुन्हा सगळी खालवर करायची.

जमीन तापू द्यावी लागते हे मला कुणी शाळेत शिकवलं नाही. वडिलांनी उन्हाळी नांगरटीच्या वेळी सांगितलं. त्यालाही कॉर्नवॉलच्या कुठल्यातरी बांधावर कुणीतरी सांगितलं असणार. तुरुंगातली सगळी वर्षं त्यानं ते डोक्यात जपून ठेवलं. माणसाकडून सगळं काढून घेता येतं, पण हातात मुरलेलं काम काढून घेता येत नाही.

दीड एकर म्हणजे साठ गुंठे. नुसत्या पहिल्या खणणीला एक महिना. घे, ही कुदळ घे. उचल. वर नेताना पाठ वाकवू नकोस, खाली आणताना तिचं वजन तिलाच उतरवू दे. पहिल्या दहा घावांत हात झिणझिणतील, शंभराव्या घावाला तळव्याला फोड येईल. आज तुझ्या वाट्याचं एक पाऊल जमीन कर. एवढं केलंस तरी तुला त्याचं नाव घ्यायचा हक्क आला.

मे महिना. आपल्याकडे वळवाची वाट बघायचे दिवस, इथे थंडीची चाहूल. तो गळ्यात झोळी अडकवून बी फोकतोय. उजवा हात झोळीत जातो, बाहेर येतो, अर्धवर्तुळात फिरतो. दीड एकरात तीन बुशेल गहू, साधारण ऐंशी किलो. कुसळांचा गहू, आणि बी याच देशात पिकलेलं. काही मेमध्ये पेरला, काही जूनमध्ये. मेमधला चांगला आला, हे त्यानं नीट लक्षात ठेवलं. अर्ध्या एकरात मका लावला. मक्यातलं मला काही कळत नाही, किती येईल सांगता येत नाही, असं त्यानं टेंचला सरळ सांगितलं. मला तो त्या वाक्याला सगळ्यात जास्त आवडला. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणणारा शेतकरी शिकत राहतो.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. त्याचा अंदाज बारा-तेरा बुशेल गव्हाचा, म्हणजे एका दाण्याचे जेमतेम चार. जमिनीबद्दल त्यानं टेंचला सांगितलं की ती मध्यम आहे, खत घातलं तर भागेल, पण गुरांशिवाय चालणार नाही. गुरं नव्हती, म्हणून त्यानं खड्डे काढून त्यात काड आणि कुजेल ते सगळं पुरायचं ठरवलं. शेणखताच्या खड्ड्याचा हा गरिबीतला भाऊ.

आणि ती बघ, झोपडीच्या दारातून बाहेर आली. एलिझाबेथ पेरी. तीही कैदी, 1790 च्या जूनमध्ये लेडी ज्युलियाना जहाजातून आलेली. 5 सप्टेंबर 1790 ला दोघांचं लग्न झालं. तुझ्या वंशावळीत तिचं नाव त्याच्या नावाला जोडून बारीक अक्षरात लिहिलंय. ते मोठं कर. मदतीला दिलेला कैदी गव्हर्नरनं काढून घेतला तेव्हा या शेतावर फक्त दोन माणसं उरली, आणि त्यातली एक ती. माझी बायको कामसू आहे, एवढं त्यानं टेंचला सांगितलं. सातबाऱ्यावर बाईचं नाव सहसा लागत नाही, पण तण तिनं काढलेलं असतं. हे मला माझ्या आईकडे बघून ठाऊक आहे.

रात्र झाली. ते दोघं झोपलेले नाहीत. भुकेले कैदी येऊन पीक चोरून नेतात, जवळजवळ रोज रात्री. आपल्याकडे ज्वारीच्या माळ्यावर बसून गोफण फिरवत राखण करतात, तसा तो अंधारात कान देऊन बसलाय. ज्याला चोरीपायी देश सोडावा लागला तो आज दुसऱ्यांच्या भुकेपासून आपलं शेत राखतोय. त्याला काय वाटत असेल? मी विचार करतो, आणि मला वाटतं की त्याला त्या चोरांची भूक कळत होती, आणि तरी तो उठून हाकलत होता, कारण हे पीक गेलं तर एक माणूस स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो ही गोष्टच खोटी पडली असती.

आता थोडी वळ. त्या ओढ्याकडे बघ. मी तुला इथपर्यंत आणलं आणि हे दाखवलं नाही, तर माझी गोष्ट अर्धी राहील.

ओढ्याच्या पलीकडे, झाडांच्या सावलीत काही माणसं उभी आहेत. बुरामट्टागल. दारुग बोलणाऱ्या लोकांपैकी ही एक टोळी, आणि इथल्या पॅरामॅटा नदीचं नाव त्यांच्याच नावातून आलंय. या नदीत ते पिढ्यान्पिढ्या वाम मासे धरत, काठावरचे कंद खणत. जमीन आगीनं राखण्याची विद्या त्यांचीही होती. तुझ्या पूर्वजानं पहिला राब पेटवला त्याच्या कितीतरी आधी या मातीनं जाणत्या हातांची आग पाहिली होती.

मोजून बघ, त्यातले किती उरलेत. 1789 च्या एप्रिलात देवीची साथ आली. या भागातली निम्मी माणसं गेली असावीत असं गव्हर्नर फिलिपनं स्वतः लिहिलं. रूस इथे कुदळ घेऊन आला तो त्याच वर्षी. 1790 मध्ये मॉगोरन नावाच्या एका म्हाताऱ्यानं इंग्रजांना सांगितलं की इथे तुमची एवढी माणसं आली याचा आमच्या लोकांना राग आहे. उत्तर म्हणून इथली शिपायांची तुकडी वाढवण्यात आली.

हे सांगताना माझा आवाज का अडतो ते तुला सांगतो. माझे वडील कूळ होते. जमीन दुसऱ्याची, घाम आमचा, खंड भरायचा आणि काढून टाकतील म्हणून घाबरून राहायचं. मग कूळकायदा आला. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्याची जमीन कसणाऱ्याच्या मालकीची झाली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. पुढे उताऱ्यावर नाव चढलं तेव्हा वडिलांनी तो कागद देवापुढे ठेवला, मग बांधावर जाऊन मूठभर माती उचलली आणि कपाळाला लावली. ते पाहिलं म्हणून मला रूसच्या सनदेचा आनंद आतून कळतो. आणि ते पाहिलं म्हणूनच ओढ्यापलीकडच्या माणसांचं दुःखही कळतं. आम्ही जिथे पिढ्यान्पिढ्या राबलो ती जमीन आम्हाला मिळाली. ते जिथे पिढ्यान्पिढ्या राहिले ती त्यांच्याकडून गेली, आणि कुणी त्यांना उतारा दाखवला नाही, मोबदला विचारला नाही.

सनद देणाऱ्याकडे ती जमीन देण्याचा अधिकार कुठून आला, हा प्रश्न तुझ्या पूर्वजानं विचारला नसेल. बंदिवासातून सुटलेल्या भुकेल्या माणसाला तो सुचला नसेल. तुला सुचतो. म्हणून तू तो विचार. पितरांना आपण पाणी देतो, तसं त्यांचं राहिलेलं कर्जही आपल्याकडे येतं. कर्ज मान्य केलं म्हणून पितर लहान होत नाहीत.

चल, सकाळ झाली. 1791 चा फेब्रुवारी.

पुन्हा कोठारापुढची रांग. माणसं पुढे सरकतात, माप घेतात, जातात. हे सगळं बघ, कारण आता जे होईल त्यासाठीच मी तुला आणलं. रूस कोठारावर येतो आणि सांगतो की मला यापुढे शिधा नको. माझं पोट माझ्या शेतावर भरतं.

एवढंच. ढोल वाजला नाही. पण विचार कर, हजारो मैलांवरून येणाऱ्या जहाजाकडे डोळे लावून बसलेली ही सगळी वसाहत, आणि तिच्यातला एक सुटलेला कैदी म्हणतोय की माझं नाव यादीतून काढा. त्याच वर्षी गव्हर्नरनं त्याला तीस एकरांची सनद दिली. न्यू साउथ वेल्समधली जमिनीची ही पहिली सनद. आपल्या मापानं बाराशे गुंठे. आणि वर्ष संपायच्या आत एलिझाबेथचंही नाव कोठाराच्या यादीतून निघालं.

डिसेंबर 1791 मध्ये टेंच पुन्हा आला तेव्हा साडेअकरा एकर लागवडीखाली होते, विटांचं घर होतं, चार माद्या डुकरं आणि तीस कोंबड्या होत्या. तुला एक गंमत सांगतो, ती मला फार जवळची वाटते. त्यानंतर सहा महिन्यांनी, 1792 च्या जूनमध्ये, कलकत्त्याहून अटलांटिक नावाचं जहाज धान्य घेऊन आलं. त्यात तांदूळ होता, रवा होता आणि डाळ होती. इथल्या इंग्रजांनी त्या नोंदी आपल्याच शब्दांत केल्या: सूजी, डाळ. आज विग्रम स्ट्रीटवर शिजते ती डाळ या वसाहतीच्या कोठारात पहिल्या काही वर्षांतच येऊन गेली होती.

यापुढचं मी भराभर सांगतो, कारण तिथे थांबलं की मन जड होतं. 1793 च्या ऑक्टोबरात त्यानं हे शेत डॉक्टर हॅरिसला चाळीस पौंडांना विकलं. शेतकऱ्यानं जमीन विकली की लोक बोट ठेवतात. मी ठेवत नाही. मध्यम जमीन, गुरांवाचून खत नाही, हे त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. 1794 च्या जानेवारीत तो हॉक्सबरी नदीकाठी गेला, तिथे वस्ती करणाऱ्या पहिल्या बावीस जणांपैकी एक. ती नदीची मळई, काळी, गाळाची, बी टाकलं की उगवणारी. दारुग लोक त्या नदीला डिरबिन म्हणतात. पण तिच्या काठचे कंद हेच त्यांचं अन्न होतं, आणि गहू पेरायला ते उपटले गेले. त्याच वर्षापासून तिथे रक्त सांडायला लागलं. पुढे 1806 आणि 1809 चे पूर आले. पूर ओसरल्यावरचं शेत मी पाहिलंय, पोरी. माणूस पाण्याकडे बघत नाही, आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहतो.

1828 मध्ये, साठी उलटून गेलेली असताना, तो लोअर मिंटो इथे दुसऱ्याच्या शेतावर देखरेखीच्या नोकरीला होता. पहिली सनद मिळवलेला माणूस म्हातारपणी दुसऱ्याच्या बांधावर उभा. श्रीमंत तो कधी झाला नाही.

शेवटचं पाऊल. 1837. कॅम्बेलटाउन. एलिझाबेथ आदल्या वर्षी गेलीय. एक म्हातारा दगडापुढे बसलाय, हातात छिन्नी. आपल्या थडग्याच्या दगडावरची काही अक्षरं तो स्वतः कोरतोय. शाळा फारशी झालेली नाही, म्हणून शब्द जसे कानाला ऐकू येतात तसे तो दगडावर उतरवतो. आईनं मला मायेनं वाढवलं, हे त्याला लिहायचंय. आणि या वसाहतीत पहिलं धान्य मी पेरलं, हेही. जाणकार सांगतील की सरकारी शेतावर त्याआधी पेरणी झाली होती, आणि ते खरं आहे. पण त्याच्याजवळ जाऊन बस. सत्त्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात जमीन आली आणि गेली, पैसा आला आणि गेला. दगडावर ठेवण्यासारखं त्याला एवढंच वाटलं: माझी आई, आणि माझी पेरणी.

5 सप्टेंबर 1837 ला तो गेला. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी ज्या तारखेला एलिझाबेथशी लग्न केलं, तीच तारीख. आपल्याकडे भाद्रपद येतो, पितरांचा पंधरवडा येतो, तो याच सुमारास.

आता डोळे पुन्हा मिटून उघड. पुन्हा हिरवळ, पुन्हा गाड्या.

लोक मला विचारतात, तुमच्या नातीला कुठली शाळा मिळाली? नाव सांगितलं की त्यांचे डोळे विस्फारतात, कारण इथे जेम्स रूस म्हणजे मोठी स्पर्धा परीक्षा, शंभरातले शंभर मार्क. आपल्या माणसांपैकी कितीतरी आईबाप त्या नावासाठी मुलांचे रविवार क्लासला लावतात. ती शाळा 1959 मध्ये उघडली ती शेतीची शाळा म्हणून, आणि आजही सातवीपासून दहावीपर्यंत तिथे प्रत्येकाला शेती शिकावी लागते. परवा तू म्हणालीस, आजोबा, बूट चिखलात जातात, मला हा विषय नको. मी काही बोललो नाही. आजचा सगळा प्रवास हे त्याचं उत्तर आहे.

पुढच्या आठवड्यात तुमच्या वाफ्याची पाळी येईल तेव्हा बाकीच्यांबरोबर पळत सुटू नकोस. थोडीच जागा घे. राख असेल तर मिसळ, ढेकूळ फोड, तण उलटून गाड. खणायच्या आधी मनात बुरामट्टागल लोकांचं नाव घे, मग एलिझाबेथचं, मग त्याचं. आणि संध्याकाळी हात धुण्याआधी मला फोन कर. भोरला तेव्हा दुपार असेल, मी बांधावरच असेन. आज किती गुंठे झाले, ते मला विचारायचंय.